बाळ एकाच हाताने खेळतं, बसताना कलंडतं: थेरपीसाठी मुंबई गाठावी का?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. बाळ बत्तिसाव्या आठवड्यात झालं, सुरुवातीला पेटीत होतं. आता चौदा महिन्यांचं आहे. बसवलं की बसतं, पण जरा वेळाने कलंडतं. रांगत नाही. खेळणं उजव्याच हाताने घेतं, डाव्या हाताची मूठ बहुतेक वेळ मिटलेली. अजून पातळ पेजच चालते. दाट घास गेला की ओकारी काढतं. बालरोगतज्ज्ञांनी ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे हात वापरणं, बसणं, खाणं अशी रोजची कामं शिकवणारी थेरपी, सुरू करायला सांगितलंय. तुम्ही देवगडच्या बाजूला, मिस्टर मुंबईत, घरी सासूबाई. त्या म्हणतात, "ह्याचो बापूस पण उशिराच चाललो." मग थोडं थांबावं, की बिऱ्हाड मुंबईला हलवावं?

थांबू तर अजिबात नका. आणि बिऱ्हाड हलवायची घाईही करू नका. या वयाच्या बाळाची थेरपी दवाखान्यातल्या पाऊण तासात होत नाही. ती होते न्हाऊ घालताना, भरवताना, कडेवर घेताना, म्हणजे तुमच्या आणि सासूबाईंच्या हातून. आम्हा थेरपिस्टांचं काम ते हात तयार करायचं. सिंधुदुर्गात इतकी वर्षं लहान मुलांबरोबर काम करते आहे, ज्या घरांनी हे उचललं तिथली मुलं पुढे सरकताना मी पाहिली आहेत.

आधी वय नीट मोजू. पूर्ण दिवस चाळीस आठवड्यांचे. बाळ आठ आठवडे आधी आलं, तेव्हा चौदा महिन्यांतून दोन वजा करायचे. दोन वर्षांचं होईपर्यंत असंच धरायचं. म्हणजे आज त्याच्याकडून बारा महिन्यांच्या बाळाइतकीच अपेक्षा ठेवायची.

या हिशोबाने सासूबाईंचं म्हणणं चालण्यापुरतं बरोबर आहे. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतल्या निरोगी मुलांचा अभ्यास करून २००६ साली आकडे प्रसिद्ध केले. त्यात आधाराशिवाय चालण्याचा काळ साधारण आठ महिन्यांपासून साडेसतरा महिन्यांपर्यंत पसरलेला आहे. शंभरातली चारेक मुलं तर हात-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत, थेट उभी राहिली. तेव्हा चालणं आणि रांगणं यांची काळजी आज करू नका. बसण्याचं मात्र तसं नाही. त्याच अभ्यासात जवळपास सगळी मुलं सव्वानऊ महिन्यांपर्यंत आधाराशिवाय बसत होती. वय दुरुस्त करूनही तुमचं बाळ इथे मागे आहे.

पण तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ हाताची आहे, आणि ती तुम्ही जाता जाता लिहिलीत. "उजवा आहे बहुतेक," असं घरोघरी कौतुकाने म्हणतात. पहिल्या वर्षात बाळ उजवं-डावं नसतं. जो हात जवळ तो पुढे करतं. उजवा-डावा कल दीड-दोन वर्षांच्या आसपास दिसू लागतो आणि पक्का व्हायला आणखी काळ जातो. वर्षाच्या आतच एक हात सगळं करतो आणि दुसरा मूठ मिटून बाजूला राहतो, तेव्हा प्रश्न विचारायचा तो त्या दुसऱ्या हाताला काय झालं असेल हा. मूठ तीन-चार महिन्यांपर्यंत उघडायला लागते. ती वर्षानंतरही मिटलेली असेल, तर मेंदूच्या उजव्या बाजूला इजा झाली असण्याची शक्यता डॉक्टरांनी तपासायलाच हवी. अगोदर जन्मलेल्या बाळांत हे घडू शकतं. न्हाऊ घालताना डावा पायही पाहा: लाथा दोन्ही पायांनी सारख्या मारतं का, उभं धरलं की डावी टाच वर राहते का.

हे ऐकून घाबराल, म्हणून कारणही सांगते. मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून हातांकडे जाणारे मार्ग पहिल्या दोन वर्षांत पाठीच्या कण्यात आपली जागा पक्की करत असतात. ज्या बाजूचा वापर जास्त, तिची जागा वाढते. जी बाजू गप्प, तिची कमी होत जाते. "मोठं झालं की आपोआप वापरेल" हे इथे खरं ठरत नाही, कारण न वापरण्यानेच तो हात आणखी मागे पडतो. हाच काळ त्या हाताला काम देण्याचा. दोन्ही हात अगदी सारखे होतील असं वचन मी देणार नाही. पण डबा धरायला, शर्ट ओढायला, पानातली भाकरी दाबून ठेवायला तो हात मदतीला येणं आणि अंगाला चिकटून राहणं, यात त्या मुलाच्या पुढच्या सगळ्या आयुष्याचा फरक आहे.

बालरोगतज्ज्ञांकडे परत जाल तेव्हा डिस्चार्ज कार्ड न्या. त्यावर डोक्याच्या सोनोग्राफीचा उल्लेख आहे का ते दाखवा. एमआरआय लागेल की नाही ते डॉक्टर ठरवतील. बत्तिसाव्या आठवड्यातल्या बाळाच्या डोळ्यांच्या पडद्याची तपासणी जन्मानंतर महिन्याभरात व्हायला हवी असते. झाली नसेल तर आता डोळे तपासून घ्या. कानांसाठी बेरा तपासणी करून घ्या, कारण पेटीत राहिलेल्या बाळांना ऐकू कमी येण्याचा धोका जास्त आणि साधी चाचणी कधीकधी तो पकडत नाही. लोह आणि थायरॉइडचं रक्त तपासायला सांगतील, तेही करा. यातलं काही राहिलं म्हणून थेरपी अडवून ठेवू नका. डॉक्टर कदाचित सेरेब्रल पाल्सी हा शब्द वापरतील, म्हणजे मेंदूला लहानपणीच झालेल्या इजेमुळे हालचालीत आलेली अडचण. पूर्वी तो शब्द उच्चारायला दोन वर्षं थांबायचे; २०१७ साली जगभरच्या तज्ज्ञांनी पुरावे मांडून सांगितलं की सहा महिन्यांच्या आतही निदान करता येतं आणि करावं. त्या शब्दाला भिऊ नका. मेंदूतली ती इजा वाढत जाणारी नसते, आणि नाव मिळालं की मदत मागणं सोपं होतं.

एक गोष्ट मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायची. झोपेतून उठल्यावर बाळ एकामागोमाग एक दचके देत असेल, मान पुढे झुकते, हात फेकले जातात, क्षणभर थांबतं, पुन्हा तेच, अशी माळच लागत असेल, तर त्याला गॅस किंवा दचकणं समजू नका. लहान बाळांतली ही एक आकडी असते आणि तिच्यात दिवस वाया गेले तर मेंदूचं नुकसान होतं. मोबाइलवर चित्रीकरण करा आणि निघा. शिकलेलं काही विसरायला लागलं, हसणं किंवा आवाज काढणं थांबलं, तरी तसंच. दृष्ट काढा, देवाला गाऱ्हाणं घाला, मी कुणाला अडवत नाही. फक्त त्यासाठी दवाखान्याची गाडी चुकवू नका.

आता घरचं. पहिलं न्हाणं. आपल्याकडे पायांवर घेऊन तेल लावून न्हाऊ घालतात, ती पद्धत चांगली आहे, चालू ठेवा. तेल लावताना डाव्या हाताला वेळ जास्त द्या, त्याच्याशी बोला, तोच हात त्याच्या गालाला, तुमच्या नाकाला लावा. मूठ उघडायची तर बोटं किंवा अंगठा खेचायचा नाही. मनगट किंचित आत वाकवा आणि हाताच्या पाठीवरून करंगळीच्या बाजूने हलकं चोळत या, बोटं आपसूक सैल होतात. न्हाऊ घालणारी बाई हात आणि विरुद्ध पाय उलटे जुळवून ओढत असेल, तर या बाळाला ते नको असं स्पष्ट सांगा. आखडलेला स्नायू ओढला की आणखी आखडतो. आणि मालिशने बाळ सुखावतं, पण त्याने हात वापरायला शिकत नाही. आपण हात हलवून दिला की मेंदूला फारसं काही कळत नाही. बाळाने स्वतः धडपडून वस्तू गाठली की कळतं. थेरपिस्ट निवडतानाही हे पाहा. सगळा वेळ बाळ रडतंय आणि कुणीतरी त्याचे हातपाय ताणतंय, असं असेल तर दुसरीकडे जा.

कडेवर घेताना डावा हात तुमच्या पाठीमागे अडकू देऊ नका. तो पुढे, तुमच्या छातीवर किंवा खांद्यावर येईल असं धरा. कड बदलत राहा.

बसण्यासाठी महागडी खुर्ची लागत नाही. पडवीच्या कोपऱ्यात दोन भिंतींना पाठ टेकवून, कमरेच्या दोन्ही बाजूंना गुंडाळलेली गोधडी लावून बसवा आणि पुढे पाट ठेवा. दोन्ही हात पाटावर यायला हवेत. आधार हळूहळू काढत जायचा: आधी एका बाजूची गोधडी, मग दुसरी. खेळण्यात मन रमलं की पाठ जास्त वेळ सरळ राहते, म्हणून नुसतं बसवून ठेवू नका. दिवसातून काही वेळा पोटावर झोपवा. तुमच्या मांडीवर आडवं पालथं घालून दोन्ही तळवे चटईवर टेकतील असं केलं तर डाव्या हातावर भार येतो आणि मूठ उघडते. बसून ढकलायचा चाकांचा वॉकर आणू नका. कॅनडाने तर त्याची विक्री २००४ मध्येच बंद केली. अपघात होतात आणि चालणं लवकर येत नाही. लाकडी पांगुळगाडा वेगळा, पण त्याची वेळ बाळ धरून उभं राहायला लागल्यावर.

खेळणी घरातच आहेत. घासून गुळगुळीत केलेल्या दोन करवंट्या एकमेकींवर आपटायला दोन हात लागतात. एका हातात मावणार नाही असा मोठा हलका चेंडू, झाकणाचा स्टीलचा डबा, कापडाचे तुकडे भरलेली रोवळी, हे सगळं दोन हातांचं काम आहे. वस्तू समोर मधोमध किंवा किंचित डावीकडे ठेवा. डाव्या हाताला हलकी, खडबडीत, सहज पकडता येणारी वस्तू द्या आणि वाट पाहा. ही वाट पाहणं आयांना सगळ्यात जड जातं. बाळाला हात पुढे आणायला तुमच्या अपेक्षेपेक्षा बराच जास्त वेळ लागतो, आणि आपण तेवढ्यात वस्तू हातात कोंबतो. मान फिरवली, जांभया दिल्या, कुरकुर केली की थांबायचं.

उजव्या हातावर मऊ मोजा चढवून, रोज थोडा वेळ फक्त डाव्या हाताने खेळवायची एक पद्धत आहे. ती लहान बाळांतही वापरतात, साधारण रोज अर्धा तास, काही आठवड्यांच्या टप्प्यांत. उपयोगी आहे, पण थेरपिस्टने हात पाहून आखून दिल्यावरच सुरू करा. उजवा हात फडक्याने बांधून ठेवायचा प्रकार कुणी सुचवला तर ऐकू नका. बाळ चिडतं, आणि त्या चांगल्या हातालाही अजून खूप शिकायचंय.

खाण्याबद्दल जास्त लिहिते, कारण तुमची रोजची खरी लढाई तीच दिसते. मांडीवर आडवं घेऊन पेज पाजत असाल तर ते आजपासून बंद. बाळ ताठ बसलेलं हवं, कंबर मागे टेकलेली, गुडघे वाकलेले, पावलं कशावर तरी टेकलेली, आणि मान मागे न जाता हनुवटी किंचित खाली. पाय लोंबकळत असतील तर तोंडाचंही काम नीट होत नाही, हे तुम्हालाच करून पाहता येईल. उथळ छोटा चमचा समोरून आणा, जिभेच्या मध्यावर हलका दाब द्या आणि ओठ मिटेपर्यंत थांबा. घास वरच्या हिरडीवर पुसून काढायचा नाही, ओठांनी ओढून घ्यायला शिकू दे.

पेज तीच, दाटपणा बदलायचा. उकड्या तांदळाच्या गाळलेल्या पेजेत आधी तोच भात अगदी बारीक घोटून घाला. ते सहज जाऊ लागलं की जरा कमी घोटा. मग डाळीबरोबर कुस्करलेला मऊभात, मग बोटांनी मोडता येतील अशा मऊ गुठळ्या. नाचणीचं सत्त्व दाट शिजवून मधल्या काळात छान चालतं. पातळात तरंगणाऱ्या गुठळ्या मात्र देऊ नका. पाणी वेगळं आणि शीत वेगळं असा घास अशा बाळांना सगळ्यात अवघड जातो. नऊ-दहा महिन्यांच्या पुढे गुठळीदार अन्न लांबत गेलं तर नंतर खाण्याच्या तक्रारी वाढतात, म्हणून "दात आल्यावर बघू" असं करू नका. तुमच्या बाळालाही रोज एक छोटा प्रयत्न हवाच. पोटभर जेवण सवयीच्या दाटपणाचं द्या आणि नवे चार घास जेवणाच्या सुरुवातीला, भूक असताना द्या. हात बरबटू दे. अन्न हाताला ओळखीचं झालं की तोंडाला कमी परकं वाटतं. डाव्या हातात आंबोळीचा मऊ तुकडा किंवा उकडलेल्या रताळ्याची फोड द्या, उजव्यात चमचा.

ओकारी आणि घास अडकणं यातला फरक घरातल्या प्रत्येकाला माहीत हवा. ओकारीत आवाज असतो, जीभ बाहेर येते, चेहरा लाल होतो, बाळ स्वतः घास पुढे ढकलतं. तेव्हा शांत राहायचं, पाठीवर थापा मारायच्या नाहीत. घास अडकला की आवाजच येत नाही, रडता येत नाही, ओठ निळसर होतात. त्या वेळी काय करायचं ते आरोग्य केंद्रात प्रत्यक्ष करून दाखवायला सांगा आणि सासूबाईंनाही शिकवा. काजू, शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं चार वर्षांपर्यंत नकोत. आपल्याकडे काजूच्या हंगामात घरभर गर पसरलेले असतात, तेव्हा जास्त जपा. आणि पाणी पिताना दर वेळी ठसका लागत असेल, भरवल्यावर आवाज घरघरत असेल, छातीत वारंवार कफ होत असेल, तर अन्न श्वासनळीत जात असण्याची शंका येते. तसं असेल तर घरचे प्रयोग थांबवून आधी डॉक्टरांना दाखवा.

मोबाइल दाखवून भरवू नका. तोंडात काय चाललंय हे बाळाला कळतच नाही, मग चावणं शिकणार कसं? या वयाला पडदा नकोच, असं जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ साली सांगितलंय. बाबांचा व्हिडिओ कॉल मी त्यात धरत नाही. उलट त्याचा उपयोग करा. बाळ पालथं असताना किंवा कोपऱ्यात बसलेलं असताना फोन त्याच्या डाव्या बाजूला, डोळ्यांच्या उंचीवर टेकवून ठेवा आणि बाबांना हाका मारू द्या. तेवढा वेळ मान, पाठ आणि डावी बाजू कामाला लागते, आणि मुंबईत बसलेल्या माणसाला आपणही बाळासाठी काहीतरी करतोय हे समाधान मिळतं. ते समाधान लहान नाही.

आता मुंबईचा प्रश्न. आपल्याकडे थेरपिस्ट कमी आहेत याला कारण आहे. हे शिक्षण देशात सुरूच मुंबईत झालं, १९५० साली केईएममध्ये, कमलाबाई निंबकरांमुळे, आणि नंतरही केईएम, सायन, नायर अशी बरीचशी शिकवणारी रुग्णालयं मुंबईतच राहिली. शिकलेली मुलं तिथेच स्थिरावतात. तरीही मी म्हणेन, सविस्तर तपासणीसाठी एकदा मोठ्या ठिकाणी जा: परळचं वाडिया बालरुग्णालय किंवा हाजी अलीची पुनर्वसन संस्था चालेल. कोल्हापूर किंवा गोव्यातलं बांबोळी जवळ पडत असेल तर तिथे जा. तिथून कार्यक्रम आखून आणा आणि राहा गावीच. चाकरमानी बिऱ्हाडं बहुतेक दिवा, नालासोपारा, विरारकडे. तिथून तान्ह्याला घेऊन लोकलने परळला जाऊन यायचं म्हणजे पूर्ण दिवस, आणि परतल्यावर भरवायला, खेळवायला अंगात त्राण नाही. गावात खळं आहे, सासूबाई आहेत, शेजारची पोरं आहेत. बाळ मोठ्यांपेक्षा त्या पोरांकडे बघून जास्त हात पुढे करतं. मुंबईला जायचंच कारण असेल तर ते तुम्हा दोघांना एकत्र राहायचं असणं, किंवा आकडी आणि गिळण्याचा धोका यांसाठी मोठं रुग्णालय जवळ लागणं. ती कारणं पुरेशी आहेत, आणि त्यासाठी कुणाला सफाई द्यायची गरज नाही.

इथली सोय अशी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला, तोही आपल्या पालघरमधून. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं. त्याची वाट न पाहता आशाताईंना सांगून ओरोसच्या जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी घ्या, कारण लहान मुलांच्या विकासातल्या उशिरासाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्राची तरतूद याच कार्यक्रमात आहे. थेरपिस्ट कोणत्या वारी असतात ते फोनवर विचारूनच निघा. एसटीत २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे, तेवढाच भार हलका. दर आठवड्याची फेरी झेपत नसेल तर स्पष्ट सांगा: महिन्यातून एक-दोन भेटी प्रत्यक्ष आणि मध्ये व्हिडिओवर, असं ठरवून घेता येतं. रेंज नसली तर जेवणाचं आणि खेळण्याचं दोन-दोन मिनिटांचं चित्रीकरण करून बाजारात गेल्यावर पाठवा. मला समोरासमोरच्या घाईपेक्षा त्यातून पुष्कळदा जास्त कळतं. पावसात रस्ता बंद होतो तेव्हा हीच सवय उपयोगी पडते.

निदान पक्कं झालं तर कागदपत्रं टाळू नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार धरले आहेत, सेरेब्रल पाल्सी त्यात आहे. युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, काढा, आणि राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा मिळतो, त्यासाठी अर्ज करा. स्टेम सेलच्या इंजेक्शनांनी बरं करतो म्हणणाऱ्यांना पैसे देऊ नका. सेरेब्रल पाल्सीसाठी तो मान्यताप्राप्त उपचार नाही, आणि त्यासाठी दागिने मोडलेली घरं मी पाहिली आहेत.

पहिल्या भेटीला जाताना डिस्चार्ज कार्ड, वजनाचं कार्ड आणि दचक्यांचं असेल तर ते चित्रीकरण घ्या. बाळाची नेहमीची वाटी-चमचा आणि घरची पेज डब्यात न्या, आणि भुकेची वेळ साधून पोचा, म्हणजे थेरपिस्टला त्याचं खाणं प्रत्यक्ष बघता येईल. सासूबाईंना बरोबर न्या. दिवसातला निम्मा वेळ बाळ त्यांच्याकडे असतं, तेव्हा हात कसा धरायचा हे त्यांनी तुमच्या तोंडून ऐकण्यापेक्षा तिथेच स्वतः करून बघितलेलं बरं. निघताना थेरपिस्टला एवढंच विचारा की पुढच्या भेटीपर्यंत घरी नेमक्या कोणत्या दोन-तीन गोष्टी करायच्या, आणि त्या तुमच्याकडून तिथेच एकदा करवून घ्यायला सांगा.